चाकांचे इंच आणि कच्च्या वाटा : मध्यम अ‍ॅडव्हेंचर मोटरसायकलींचा आढावा

डांबरी रस्ता आणि कच्ची वाट या दोहोंवर चालावी या हेतूने बांधलेल्या, साधारणपणे 400 ते 900 घनसेंटिमीटर क्षमतेचे इंजिन असलेल्या मोटरसायकलींना आज मध्यम आकाराच्या अ‍ॅडव्हेंचर मोटरसायकली म्हटले जाते. भारतात या वर्गाची खालची सीमा आणखी उतरते आणि 200 घनसेंटिमीटरची हिरो एक्सपल्ससुद्धा त्याच चर्चेत येते. या वर्गातील कोणत्याही दोन गाड्यांची तुलना सुरू झाली की पहिला प्रश्न चाकांचा असतो : पुढचे चाक 21 इंची आहे की 19 इंची, ते तारांच्या आऱ्यांचे म्हणजे स्पोकचे आहे की ओतीव अलॉयचे, आणि टायर ट्यूबचा आहे की ट्यूबलेस. या तीन प्रश्नांची उत्तरे एका दमात दिली जातात आणि त्यांवरून गाडी खरी कच्च्या वाटेची की केवळ तसे रूप घेतलेली, असा निवाडाही होऊन जातो. हे तिन्ही प्रश्न मात्र वेगवेगळे आहेत, आणि ज्या प्रश्नावर सर्वांत जास्त वाद होतो त्या व्यासाच्या प्रश्नाचे वजन इतर दोहोंच्या मानाने बरेच कमी आहे.

व्यासापासूनच आरंभ केला तर प्रथम आकडे कसे वाचायचे ते स्पष्ट व्हायला हवे. टायरवर 90/90-21 असे छापलेले असते तेव्हा पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो, दुसरा आकडा टायरच्या बगलेची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते सांगतो, आणि तिसरा आकडा रिमचा, म्हणजे टायर ज्या धातूच्या कड्यावर बसतो त्याचा, व्यास इंचांत सांगतो. जमिनीला चाक भेटते ते मात्र रिमच्या नव्हे, टायरच्या बाह्य व्यासाने, आणि हा व्यास काढण्यासाठी रिमच्या व्यासात बगलेची उंची दोनदा मिळवावी लागते. 21 इंची रिमवरच्या 90/90 टायरचा बाह्य व्यास अशा रीतीने सुमारे 695 मिलिमीटर भरतो, 19 इंची रिमवरच्या 100/90 टायरचा सुमारे 663, आणि रस्त्याच्या गाड्यांना असणाऱ्या 17 इंची रिमवरच्या 120/70 टायरचा सुमारे 600. याचा अर्थ असा की दोन इंचांचा म्हणून गाजणारा 21 आणि 19 यांतला फरक प्रत्यक्षात त्रिज्येच्या हिशेबाने 16 मिलिमीटरांचा, म्हणजे करंगळीच्या जाडीइतका आहे. खरी मोठी दरी 19 आणि 17 यांच्यामध्ये आहे.

या फरकाचा कच्च्या वाटेवर काय परिणाम होतो, हे साध्या भूमितीने तपासता येते. वाटेत 10 सेंटिमीटर उंचीचा, कडेने ताठ उभा असा धोंडा आला की चाक त्याच्या वरच्या कडेला टेकते, आणि चाकाच्या केंद्रापासून त्या कडेपर्यंत ओढलेली रेषा उभ्या रेषेशी जो कोन करते तो जितका मोठा तितका धक्क्याचा अधिक भाग चाकाला मागे रेटण्यात जातो आणि तितका कमी भाग त्याला वर उचलण्यात. वर दिलेल्या तीन टायरांसाठी हा कोन अनुक्रमे सुमारे 44.6, 45.7 आणि 48.2 अंश येतो. 21 आणि 19 यांच्यात जेमतेम एका अंशाचा फरक पडतो. 17 इंची चाक मात्र स्पष्टपणे मागे पडते. टायर दबतो, सस्पेन्शन हलते, दगडाची कड गोल असते, हे सारे या हिशेबात धरलेले नाही, पण ते धरले तरी दोन मोठ्या चाकांमधला फरक वाढण्याऐवजी पुसटच होत जातो.

मग 21 इंची चाकाची गाडी दगडगोट्यांत इतकी वेगळी का जाणवते, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर चाकाच्या सोबतीला काय येते यात आहे. ट्रायम्फने 2010 साली टायगर 800 दोन रूपांत पुढे आणली, तेव्हा 19 इंची ओतीव चाकाच्या साध्या रूपात पुढच्या सस्पेन्शनची चाल, म्हणजे चाक वरखाली किती सरकू शकते ते अंतर, 180 मिलिमीटर होते, तर 21 इंची स्पोक चाकाच्या एक्ससी रूपात ते 220 होते. बीएमडब्ल्यूच्या एफ 750 जीएस आणि एफ 850 जीएस या जोडीत हेच अंतर पुढच्या बाजूला 151 विरुद्ध 204 मिलिमीटर आहे. त्रिज्येतल्या 16 मिलिमीटरांच्या शेजारी सस्पेन्शनच्या चालीतले 40 ते 53 मिलिमीटर ठेवले म्हणजे धक्का कशाने जिरतो याविषयी शंका राहत नाही. निर्माते 21 इंची चाक लावतात तेव्हा बहुधा चालही वाढवतात, इंजिनाचे पोट जमिनीपासून उंच ठेवतात, हँडल रुंद करतात आणि उभे राहून चालवता येईल अशी पायखुंट्यांची जागा ठरवतात. चालवणाऱ्याला हा सगळा संच एकत्र भेटतो आणि त्याचे श्रेय, डोळ्यांना सर्वांत आधी दिसते म्हणून, चाकाला मिळते.

तरीही व्यासाचे काही स्वतःचे गुण आहेत आणि ते नाकारणे चुकीचे ठरेल. मोठ्या चाकाचे वस्तुमान केंद्रापासून दूर असते, आणि फिरत्या वस्तूचे जडत्व अंतराच्या वर्गाने वाढत असल्यामुळे असे चाक फिरत असताना आपली दिशा अधिक हट्टाने धरून ठेवते. सैल खडीवर हँडल थरथरत असताना हा हट्ट उपयोगी पडतो आणि घाटाच्या वळणावर तोच किंचित जड वाटतो. 21 इंची चाकावरचा टायर अरुंद असतो, त्यामुळे तो चिखलाचा किंवा सैल मातीचा वरचा थर कापून खालच्या घट्ट थरापर्यंत पोहोचतो, तर रुंद टायर वरच तरंगत राहून बाजूला सरकू लागतो. डांबरावर हिशेब उलटतो : जोराने ब्रेक दाबला असता रुंद टायर जास्त विश्वास देतो, आणि 17 इंची पुढच्या चाकाची कावासाकी व्हर्सिस 650 पक्क्या घाटरस्त्यावर ज्या सहजतेने वळते ती सहजता 21 इंची गाडीत येत नाही. होंडाने सीबी 500 एक्स ही गाडी 2013 साली 17 इंची पुढच्या चाकासह आणली आणि 2019 मध्ये तिला 19 इंची चाक दिले, हा बदल त्या मधल्या दरीचीच कबुली मानावा लागतो.

चाक जितके मोठे तितके चांगले, हा विचार टोकापर्यंत नेऊन पाहिलाही गेला आहे. होंडानेच 1970च्या दशकाच्या अखेरीस एक्सएल 250 एस आणि एक्सआर मालिकेतील काही गाड्यांना 23 इंची पुढचे चाक लावले, आणि काही वर्षांतच कंपनी 21 इंचांवर परतली. अडथळा ओलांडण्याच्या भूमितीत 23 इंची चाक सरस होतेच, पण त्या मापाचे टायर इतर कोणी फारसे बनवत नव्हते, आणि एवढे मोठे चाक वळवायलाही जड पडत होते. या प्रयोगातून जी गोष्ट उघड झाली ती आजही लागू आहे : रिमचे माप हे आधी टायरच्या बाजाराचे माप असते. मोटोक्रॉस, एन्ड्युरो आणि ट्रायल या तिन्ही प्रकारच्या स्पर्धांमध्ये पुढे 21 इंच हेच माप रुळले आणि जगभरच्या टायर कंपन्यांनी खोल खाचांचे, ठोकळेदार नक्षीचे, ज्यांना नॉबी म्हणतात ते टायर याच मापात शेकडो प्रकारांनी बनवले. 1980 साली आलेल्या बीएमडब्ल्यू आर 80 जी/एसने मोठ्या प्रवासी गाडीला पुढे 21 आणि मागे 18 इंची चाक दिले, 1981 मध्ये तिच्याच स्पर्धात्मक रूपावर युबेर ओरिऑल याने पॅरिस-डाकार जिंकली, आणि लांब पल्ल्याच्या कच्च्या प्रवासाशी ही दोन मापे जोडली गेली. 19 इंची रिम घेणाऱ्याला ठोकळेदार टायर मिळत नाहीत असे नाही, पण निवड तोकडी असते, आणि त्यांतले बरेचसे रस्त्याकडे झुकलेले असतात. 21 इंची चाकाचा सर्वांत टिकाऊ फायदा टायरच्या दुकानात आहे, दगडावर नव्हे.

हेच मागच्या चाकालाही लागू पडते, जरी त्याच्याकडे लक्ष कमी जाते. एन्ड्युरोच्या गाड्यांना मागे 18 इंची रिम असते आणि यामाहा टेनेरे 700, केटीएम 790 अ‍ॅडव्हेंचर, एप्रिलिया तुआरेग 660 आणि हिरो एक्सपल्स यांनी ते माप स्वीकारले आहे. रॉयल एनफिल्ड हिमालयन, सुझुकी व्ही-स्ट्रॉम 800 डीई आणि बीएमडब्ल्यू एफ 850 जीएस 17 इंचांवर थांबल्या आहेत. सारख्याच 140/80 मापाचा टायर दोन्ही रिमवर चढवला तर बाह्य व्यासात एका इंचाचाच फरक राहतो, आणि तो चालवणाऱ्याला क्वचितच जाणवेल. पण एन्ड्युरोचे टायर मुख्यतः 18 इंचांत मिळतात, तर लांब प्रवासाचे, हळू झिजणारे टायर 17 इंचांत भरपूर आहेत. मागचे माप निवडताना निर्मात्याने गाडीचा खरा ग्राहक कोणता धरला आहे ते पुढच्या चाकापेक्षा येथे अधिक प्रामाणिकपणे दिसते.

चाक कशाचे बनले आहे, हा प्रश्न याहून जड आहे. बैलगाडीच्या चाकातील लाकडी आरे भार दाबाने पेलतात, म्हणजे जमिनीकडचा आरा खांबासारखा उभा राहून वजन घेतो. मोटरसायकलच्या तारेच्या आऱ्याला दाबाचा भार घेता येत नाही, म्हणून सगळे स्पोक आधीच ताणून बसवलेले असतात आणि वजन आले की खालच्या स्पोकांचा ताण तेवढा कमी होतो. ही रचना लवचीक असते. जोराचा आघात झाला तर रिमला पोचा पडतो, एखाद-दुसरा स्पोक सैल होतो किंवा तुटतो, चाक थोडे लंगडू लागते, पण बहुतेक वेळा ते फिरत राहते आणि गाव गाठता येते. ओतीव अलॉयचे चाक, ज्याला महाराष्ट्रात अनेक जण अजून मॅग व्हील म्हणतात, एकसंध आणि कडक असते, त्याला स्पोकांची निगा लागत नाही, ते वर्षानुवर्षे सरळ फिरते, आणि त्याची रिम हवाबंद असल्यामुळे ट्यूबलेस टायर आपोआप मिळतो. त्याची मर्यादा तुटण्याच्या रीतीत आहे : मर्यादेपलीकडचा आघात झाला की ओतीव धातूला तडा जाऊ शकतो, हवा एकदम निसटते, आणि तडा गेलेले चाक हातोडीने ठोकून सरळ करणे धोक्याचे असते. स्पोकचे चाक नेहमीच हलके असते हा समजही तपासून घ्यावा लागतो, कारण पोलादी रिम, जाड स्पोक आणि ट्यूब धरल्यास ते चांगल्या अलॉय चाकापेक्षा जडही भरू शकते. वजनाचा फायदा हवा असेल तर अ‍ॅल्युमिनियमची रिम पाहावी लागते.

चाक किती मजबूत आहे यापेक्षा ते कसे मोडते आणि मोडल्यावर कोण दुरुस्त करू शकतो, हा कच्च्या वाटेचा खरा निकष आहे. सैल स्पोक आवळणे आणि रिम सेट करणे हे काम भारतात जिल्ह्याच्याच काय, तालुक्याच्या गावातही होते, कारण स्पोकच्या चाकांच्या साध्या मोटरसायकली येथे पिढ्यानपिढ्या चालत आल्या आहेत. मात्र या निगेला पर्याय नाही. नव्या गाडीचे स्पोक पहिल्या काही शे किलोमीटरांत बसतात आणि त्यांचा ताण तपासून घ्यावा लागतो, प्रत्येक खडतर प्रवासानंतर पान्याने एकेक स्पोक हलकेच वाजवून सैल निघालेला शोधावा लागतो, आणि ज्याला हे करायचे नाही त्याने स्पोकचे चाक केवळ शोभेसाठी घेऊ नये. डांबरी रस्त्यावर नव्वद टक्के आणि माळरानाच्या कच्च्या रस्त्यावर दहा टक्के फिरणाऱ्यासाठी ओतीव चाक हीच समंजस निवड आहे, आणि तिला कमीपणा मानण्याचे काही कारण नाही.

ट्यूबचा प्रश्न स्पोकच्या प्रश्नातूनच उगवतो. साध्या स्पोक चाकात स्पोकांची टोके रिमच्या मध्यातल्या छिद्रांतून आत येतात, त्या छिद्रांतून हवा निसटते, म्हणून आत ट्यूब घालणे भाग पडते. ट्यूबच्या टायरला खिळा लागला तर हवा झपाट्याने जाते, चाक काढावे लागते, टायरची कड, म्हणजे बीड, रिमवरून पालथी घालावी लागते, ट्यूब बाहेर ओढून ठिगळ लावावे लागते. अवजड गाडीवर, थंडीत, समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरांवर हे काम एकट्याने करणे ही शिक्षा आहे. ट्यूबलेस टायरला खिळा लागला तर तो बऱ्याचदा आतच धरून राहतो, हवा हळूहळू जाते, आणि चाक न काढता रबराची वात सारून काही मिनिटांत पंक्चर बुजवता येते. शिवाय ट्यूबलेस रिमच्या आत बीडच्या शेजारी एक उंचवटा असतो, जो हवा कमी झाली तरी टायरला चटकन घसरून खाली पडू देत नाही. सैल वाळूत आणि दगडांत पकड वाढावी म्हणून हवा कमी करण्याची पद्धत आहे, आणि तेथेही ट्यूब अडचणीची ठरते, कारण कमी हवेच्या टायरवर टोकदार दगड आदळला की ट्यूब रिम आणि दगड यांच्यामध्ये चिमटली जाऊन तिला शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात.

स्पोकची लवचीकता आणि ट्यूबलेसची सोय एकत्र आणण्याचे प्रयत्न जुने आहेत. बीएमडब्ल्यूने 1987 मध्ये सादर केलेल्या आर 100 जीएसच्या चाकात स्पोक रिमच्या मध्यात न आणता तिच्या बाहेरच्या कडांना अडकवले, त्यामुळे हवेच्या पोकळीत छिद्रच उरले नाही आणि टायर न काढता एकटा स्पोक बदलता येऊ लागला. इतरांनी रिमच्या मध्यावर बाहेरून कणा काढून त्यात स्पोक ओवले, कोणी प्रत्येक छिद्राला रबरी कडे बसवले, कोणी रिमच्या खोबणीत हवाबंद पट्टा घातला. यांपैकी कडांना स्पोक अडकवण्याची रीत सर्वांत भरवशाची वाटते. पट्ट्याची रीत स्वस्त आहे, पण टायर बदलताना पट्टा खरचटला तर गळतीचा शोध लागणे कठीण जाते.

या घडामोडीत भारत केवळ बाजारपेठ राहिलेला नाही, आणि महाराष्ट्राचाही त्यात थेट वाटा आहे, कारण केटीएम 390 अ‍ॅडव्हेंचर पुण्याजवळ चाकण येथील बजाजच्या कारखान्यात तयार होते. 2016 साली आलेल्या पहिल्या हिमालयनने पुढे 21, मागे 17 इंची स्पोक चाके आणि ट्यूब हा जुना मार्ग धरला. 2020 च्या केटीएम 390 अ‍ॅडव्हेंचरने 19 आणि 17 इंची अलॉय चाके आणि ट्यूबलेस टायर दिले, आणि कित्येक वर्षे भारतीय ग्राहकाला या दोन टोकांतून एक निवडावे लागत होते. हिमालयन 450 ही 2023 च्या अखेरीस आली तेव्हा येथे ती ट्यूबच्या चाकांवरच विकली गेली, आणि ट्यूबलेस स्पोक चाकांचा पर्याय 2024 मध्ये मिळाला. 2025 मध्ये केटीएमने एकाच इंजिनाची 390 अ‍ॅडव्हेंचर 21 इंची ट्यूबलेस स्पोक चाकावर आणि 390 अ‍ॅडव्हेंचर एक्स 19 इंची अलॉयवर अशी दोन रूपांत मांडली. याच काळात यामाहा टेनेरे 700 आणि सुझुकी व्ही-स्ट्रॉम 800 डीई यांसारख्या कितीतरी महाग गाड्या ट्यूबवरच राहिल्या, हे लक्षात घेतले म्हणजे भारतीय ग्राहकांच्या आग्रहाला मिळालेले यश लहान नाही हे कळते.

डाकारसारख्या स्पर्धांचा दाखला येथे जपून द्यावा लागतो. सी. एस. संतोष याने 2015 मध्ये ही स्पर्धा पूर्ण करणारा पहिला भारतीय होण्याचा मान मिळवला आणि हरिथ नोहा याने 2024 मध्ये रॅली 2 हा गट जिंकला, त्यामुळे या यंत्रांविषयी येथे स्वाभाविक आपुलकी आहे. परंतु त्या 450 घनसेंटिमीटरच्या गाड्यांच्या टायरांत बहुधा हवाच नसते, तर मूस म्हणून ओळखले जाणारे फोमचे भरीव कडे असते, ज्याला पंक्चर होत नाही. डांबरावर सलग वेगाने चालले की हे कडे तापून खराब होते, आणि म्हणून प्रवाशाला त्याचा उपयोग नाही. स्पर्धेची मापे प्रवासी गाडीत येतात, स्पर्धेचा उपाय येत नाही.

गाडीचे वजन हा या चर्चेत सर्वांत दुर्लक्षित राहिलेला घटक आहे. एक्सपल्स 200 आणि व्ही-स्ट्रॉम 800 डीई या दोन्ही गाड्यांना पुढे 21 इंची स्पोक चाक आहे, दोन्हींचे पोट जमिनीपासून 220 मिलिमीटर उंच आहे, आणि तरीही पहिली सुमारे 155 किलोंची तर दुसरी सुमारे 230 किलोंची आहे. निसरड्या चढावर गाडी आडवी झाली की या 75 किलोंपुढे चाकाचा कोणताही आकडा निरर्थक होतो, आणि नवशिक्याने या वर्गात शिरताना सर्वप्रथम हाच आकडा पाहायला हवा.

शेवटी जमीन स्वतःच प्रश्न बदलते. लडाख आणि स्पिती येथील वाटांवर सैल खडी, गोटे आणि बर्फ वितळून वाहणारे नाले असतात. तेथे 19 इंची चाकही पुरेसे पडते, पण पंक्चर आणि रिमचे पोचे हे रोजचे संकट असल्यामुळे ट्यूबलेस स्पोक चाकाचे मोल सर्वांत जास्त आहे. कोकणातील जांभ्याचे कातळसडे धारदार कडांचे असतात आणि तेथे टायरच्या बगलेची उंची व हवेचा योग्य दाब रिमला वाचवतो. देशावरील काळ्या मातीत, पावसाळ्यात, चाकाचा व्यास वा धातू काहीच निर्णायक ठरत नाही : चिकट माती टायरच्या खाचांत भरून त्याला गुळगुळीत करते आणि मग टायर व खालच्या मडगार्डच्या मधल्या फटीत घट्ट बसून चाकच अडवते. अशा मातीत उंच मडगार्ड आणि दूरदूर ठोकळ्यांचा टायर असलेली साधी, हलकी गाडी पुढे जाते, तर दोन बोटांच्या फटीचे मडगार्ड असलेली महागडी गाडी, मग तिचे चाक 21 इंची का असेना, बांधावरच थांबते, आणि ते मडगार्ड काढून ठेवण्यासाठी लागणारा पाना बरोबर असणे हीच तेथली पहिली तयारी असते.